शेंड्याकडून वाळणारा लिंब

(हिंगोली जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे झाले, विजेवर झाले, पीक विम्यावर झाले. त्यानंतर लिंबाच्या झाडाचा विषय काढला तर काही जण म्हणतील, ही काय चर्चा झाली? लिंबाला भाव नाही, त्याची खरेदी नाही, त्याच्यावर कर्ज नाही. खरे आहे. ज्या झाडाला आपण कधी खत घातले नाही, पाणी दिले नाही, फवारा मारला नाही, असे आपल्या शिवारातले हे एकच झाड. म्हणूनच त्याच्याकडे कोणी बघत नाही. पण गेल्या काही वर्षांत पाऊस सरत आला की धुऱ्यावरचे, आखाड्यावरचे, रस्त्याकडेचे लिंब शेंड्याकडून वाळू लागतात. वरचा घेर तांबूस होतो, आग लागून करपल्यासारखा दिसतो. झाड खालून हिरवे, वरून कोळ. हे काय आहे, त्यात आपले काय जाते आणि आपण काय करायचे, एवढेच आज सांगायचे आहे.

लिंबाचा हिशेब

आधी नुकसानीचा हिशेब मांडू. सावली, इंधन, आढ्याला लाकूड, शेळीला पाला, धान्याच्या कणगीत टाकायला पाला, पाडव्याला मोहर, हे सगळे आपण फुकट धरतो. त्याचा हिशेब सोडून देऊ. फक्त लिंबोळीचा धरू.

पाच टक्के लिंबोळी अर्क म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो वाळलेली, कुटलेली लिंबोळी. एकरी दोनशे लिटर पाणी धरले तर दहा किलो. पाच एकर पऱ्हाटीला दोन फवारे द्यायचे तर शंभर किलो. मोठ्या, निरोगी लिंबाला वर्षाला तीस ते पन्नास किलो फळ लागते. वाळल्यावर त्यातले बरेच वजन जाते. म्हणजे पाच एकर कापसाला चार-पाच झाडांखालची लिंबोळी लागते. ज्याच्या धुऱ्यावर चार लिंब आहेत, त्याच्या घरी एका कीटकनाशकाचा कारखाना उभा आहे. त्याला परवाना लागत नाही, उधारी लागत नाही आणि दुकानदाराचे तोंड बघावे लागत नाही.

या अर्काने सगळे होते असे आम्ही सांगणार नाही. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीला लिंबोळी अर्काने काही होत नाही. पण मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांचा जोर सुरुवातीला थोपवायला आणि पतंगाने पानावर अंडी घालू नयेत यासाठी तो उपयोगी आहे. पहिले दोन फवारे विषारी औषधाचे न मारता लिंबोळीचे मारले तर खर्च वाचतो, मित्रकिडी वाचतात आणि फवारणारा माणूस वाचतो. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. त्यात शेतकरी होते, शेतमजूर होते. ते वर्ष आठवले म्हणजे लिंबोळीची किंमत पैशात मोजायची गरज राहत नाही.

लिंब शेंड्याकडून वाळला की पहिल्यांदा जाते ती हीच लिंबोळी. कारण मोहर शेंड्यावर येतो.

रोग कोणता?

या रोगाला शास्त्रज्ञ डायबॅक म्हणतात. आपल्या भाषेत शेंडेमर. त्याला कारण एक बुरशी आहे. तिचे नाव फोमॉप्सिस अझाडिराक्टे. नाव अवघड आहे, लक्षात ठेवायची गरज नाही. पण ती कोणी हुडकली हे लक्षात ठेवावे. म्हैसूर विद्यापीठातल्या संशोधकांनी कर्नाटकातल्या वाळणाऱ्या लिंबांवर काम केले आणि १९९७ मध्ये ही बुरशी नवी जात म्हणून जगापुढे मांडली. म्हणजे रोग कालचा नाही. दक्षिणेत तो तीस वर्षे तरी जुना आहे. २०२० आणि २०२१ मध्ये तेलंगणात त्याने एवढा जोर केला की गावेच्या गावे, रस्तेच्या रस्ते करपलेल्या लिंबांचे दिसू लागले. आदिलाबाद, निजामाबाद आपल्याला लांब नाही. नांदेड ओलांडले की तेलंगण. वारा आणि पाऊस सरहद्द बघत नाहीत.

ही बुरशी काम कशी करते? वाळलेल्या काडीवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके दिसतात. ती बुरशीची घरे. पाऊस पडला की त्यातून बीजाणू बाहेर येतात आणि थेंबांच्या शिंतोड्यांबरोबर कोवळ्या फुटीवर पडतात. तिथून शिरकाव झाला की काडी टोकाकडून मागे वाळत येते. पाने करपून गळतात. मोहरावर आली तर मोहर जळतो, फळावर आली तर लिंबोळी सडते. पावसाळा लागला की सुरुवात आणि ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत जोर, असा तिचा हंगाम आहे. कोरड्या उन्हाळ्यात ती गप्प बसते, मरत नाही. वाळलेल्या काडीत ती पुढच्या पावसाची वाट बघते.

आणखी एक गोष्ट म्हैसूरच्या संशोधनातून पुढे आली, ती फार महत्त्वाची आहे. ही बुरशी बियातूनही जाते. रोगट झाडाची लिंबोळी उचलून तिची रोपे केली तर आपण आपल्या हाताने रोग नव्या जागी नेतो. शिवाय अशा बियांची उगवणही घटते.

बुरशीचा एक जोडीदार आहे. काजूवर, चहावर येणारा ढेकण्या. कोकणातले काजूवाले त्याला चांगले ओळखतात. तो लिंबाच्या कोवळ्या शेंड्यातला रस शोषतो. सोंड खुपसली तिथे त्याची लाळ जाते, डाग काळा पडतो, शेंडा मान टाकतो. ती जखम बुरशीला उघडे दार ठरते. तेलंगणात दोघांचा मारा एकदम झाल्याचे आढळले. म्हणून नुसते ‘कीड आहे’ किंवा नुसते ‘बुरशी आहे’ असे म्हणून भागत नाही.

वाळलेला प्रत्येक लिंब रोगट नसतो

आता सावधगिरीची गोष्ट. बैठकीहून घरी जाऊन प्रत्येक वाळका लिंब बघून ‘डायबॅक आला’ म्हणू नका. लिंब माघ-फाल्गुनात पाने टाकतोच. ती पानगळ आहे, चैत्रात पालवी येते. धुरा पेटवताना बुडाची साल भाजली तर झाड वाळते. रस्ता रुंद करताना यंत्राने एका बाजूची मुळे तोडली तर त्या बाजूच्या फांद्या वाळतात. धुऱ्यावर तणनाशक मारले आणि ते झाडावर उडाले तर पाने वेडीवाकडी होतात. वीज पडली तर एका बाजूने साल चिरलेली दिसते. यातले एकही बुरशीचे काम नाही.

शेंडेमर ओळखायची खूण अशी: झाडाचा सगळा वरचा घेर किंवा त्यातल्या बऱ्याच फांद्या टोकाकडून वाळलेल्या, करपलेली पाने काही दिवस काडीला लटकलेली, काडीवर बारीक काळे ठिपके, खोड मात्र ठणठणीत, आणि वेळ पावसाळ्याची किंवा पावसाळ्यानंतरची. शेजारच्या दोन-चार लिंबांवरही तेच दिसले तर शंका घेण्यासारखी आहे.

जगातल्या दुसऱ्या लिंबांचा अनुभवही हेच सांगतो. लिंब आपल्याकडून आफ्रिकेत गेला आणि साहेलच्या कोरड्या पट्ट्यात तो तिथल्या शेतकऱ्याचा आधार झाला. १९८० नंतर चाड सरोवराच्या भोवताली आणि नायजरमध्ये लिंब खराब होऊ लागले. तिथे एका ठिकाणी खवले कीड मोठी होती, दुसऱ्या ठिकाणी पाण्याचा ताण आणि घट्ट झालेली जमीन हे कारण पुढे आले. लक्षण सारखे, कारण वेगळे. कारण न कळता केलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेली काठी.

कुऱ्हाड लावू नका

आता सगळ्यात मोठा मुद्दा. झाड वाळू लागले की गावात लाकूड घेणारा माणूस येतो. तो म्हणतो, ‘हे आता मरणारच. उद्या फुकट जाईल, आज देऊन टाका.’ कापसाच्या बाबतीत जे आपण वर्षानुवर्षे ऐकले, तेच शब्द: माल खराब आहे, आज दिला तर घेतो. आणि गरजेला आलेला शेतकरी पन्नास वर्षांचे झाड पाडून भावात देतो.

झाड मरणारच, हे त्याचे म्हणणे खोटे आहे. शेंडेमर लागलेला मोठा लिंब बहुतेक वेळा मरत नाही. त्याची मुळे खोल आहेत, खोड जिवंत आहे. उन्हाळ्यात खालच्या फांद्यांवर नवी फूट येते. तेलंगणातही करपलेली बरीच झाडे पुढच्या हंगामात पुन्हा हिरवी झाली. नुकसान होते ते एक-दोन वर्षांच्या लिंबोळीचे आणि वरच्या घेराचे. वर्षामागून वर्षे तोच मार बसला तर झाड खंगते, हेही खरे. लहान रोपटे मात्र मरू शकते. पण मोठ्या झाडाबद्दल घाई करायचे कारण नाही.

खात्री करायची सोपी रीत आहे. विळ्याच्या टोकाने फांदीची साल जराशी खरवडा. आत हिरवे, ओले निघाले तर फांदी जिवंत. आत तपकिरी, कोरडे निघाले तर खाली सरका आणि पुन्हा बघा. जिथे हिरवे लागते तिथपर्यंत झाड तुमचे आहे. ही परीक्षा खोडावर केल्याशिवाय आणि एक उन्हाळा वाट बघितल्याशिवाय कोणीही वाळता लिंब विकू नये, अशी आमची विनंती आहे.

मग करायचे काय?

पहिले काम सल काढण्याचे. मोसंबी-संत्र्याच्या बागेत सल काढतात तशीच. पाऊस उघडला, हवा कोरडी झाली की हाताला येतील तेवढ्या वाळक्या फांद्या, जिवंत भागात चार बोटे खाली उतरून कापा. चिंब पावसात कापू नका. ताजी जखम आणि पावसाचे शिंतोडे म्हणजे रोगाला आवतण. कापलेल्या काड्या कुंपणाला लावू नका, आखाड्यावर ढीग घालू नका. बुरशी त्या काडीतच राहते. चुलीत घाला किंवा तिथेच जाळा, पण झाडापासून दूर.

दुसरे, मोठ्या जखमांना बोर्डो मलम लावा. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद वेगळ्या भांड्यात विरघळवा, चुना वेगळा विझवा, मग दोन्ही एकत्र करा. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे घ्या, लोखंडी नको. मलमात विळ्याचे पाते बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, थोडा आणखी घाला. केले त्याच दिवशी वापरा.

तिसरे, औषधाबद्दल. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाने ही बुरशी प्रयोगशाळेत थांबते. तेलंगणात तिथल्या कृषी विद्यापीठाने बुरशीनाशकाची आळवणी आणि फवारणी, त्यानंतर कीटकनाशकाची फवारणी असा सल्ला दिला होता. रोपवाटिकेतल्या रोपांना, घरासमोरच्या लहान झाडाला तसा उपाय करता येतो. मात्रा कृषी विद्यापीठाच्या किंवा तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाला विचारून घ्या, दुकानदाराला विचारून नको. पण चाळीस फुटी लिंबावर पाठीवरच्या पंपाने फवारणे म्हणजे औषध आपल्याच डोक्यावर पाडून घेणे आहे. मोठ्या झाडावर त्यासाठी पैसा आणि जीव घालू नका. आणि फवारलेल्या झाडाचा पाला शेळीला टाकू नका, दात घासायला काडी मोडू नका, पाडव्याला मोहर काढू नका.

चौथे, झाडाला आधार द्या. बुडाशी धुरा पेटवू नका. खोडाला तार आवळू नका, खिळे ठोकू नका. वखर बुडाला भिडवून मुळे तोडू नका. तरण्या झाडाला उन्हाळ्यात महिन्यातून दोन-चार घागरी पाणी घातले तरी ते ताण सोसते. तगडे झाड रोग झेलते.

पाचवे आणि सगळ्यात टिकाऊ काम बियाण्याचे. दहा लिंब वाळतात त्यात एखादा हिरवागार राहतो. तो ओळखून ठेवा. आषाढात त्याची पिकलेली लिंबोळी गोळा करा, गर धुऊन काढा, सावलीत सुकवा आणि पंधरा दिवसांच्या आत पिशवीत लावा. लिंबाचे बी फार दिवस टिकत नाही, वर्षभर साठवलेले उगवत नाही. रोगट झाडाखाली आपोआप उगवलेली रोपे उपटून दुसरीकडे नेऊ नका.

अर्क करायचा तर

ज्यांनी अजून केला नाही त्यांच्यासाठी रीतही सांगून टाकू. पाच किलो वाळलेली लिंबोळी कुटून बारीक करा आणि नऊ-दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. दोनशे ग्रॅम धुण्याचा चुरा एक लिटर पाण्यात वेगळा भिजवा. दुसऱ्या दिवशी अर्क फडक्यातून गाळा, त्यात साबणाचे पाणी मिसळा आणि एकूण शंभर लिटर पाणी करा. उन्हाने त्यातला गुण लवकर जातो, म्हणून संध्याकाळी फवारा. आज केलेला अर्क आजच संपवा. बुरा आलेली, काळी पडलेली लिंबोळी घेऊ नका. ती ना अर्काला कामाची, ना बियाला.

या रानटी समजल्या जाणाऱ्या फळाची किंमत जगाने आपल्याआधी ओळखली. १९५९ मध्ये सुदानात टोळधाड आली तेव्हा सगळे हिरवे खाऊन गेलेल्या टोळांनी लिंब तेवढा सोडला, हे श्मुटेरर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पाहिले. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी लिंबोळीच्या पाण्याने टोळ पीक खात नाहीत हे दाखवून दिले. आपली आजी कणगीत पाला टाकत होती, त्याचाच हा खुलासा होता.

आणि पुढची गोष्ट तर आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. लिंबोळीच्या तेलाने पिकावरची बुरशी आटोक्यात आणायच्या पद्धतीवर युरोपच्या पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना पेटंट दिले. त्याला हरकत घेतली गेली. महाराष्ट्रात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५ आणि १९८६ मध्येच अशा तेलाच्या चाचण्या झाल्या होत्या, हा पुरावा तिथे पुढे आला. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि ८ मार्च २००५ रोजी कंपनीच्या बाजूचे अपीलही फेटाळले गेले. शेतकऱ्याच्या रानात झालेले काम कागदावर नोंदलेले होते म्हणून ते उपयोगी पडले. दुसऱ्याच्या बुरशीवर चालणारे हे झाड आज स्वतः बुरशीने वाळते आहे. तेल पानावरच्या बुरशीला अडवते. जिवंत काडीच्या आत घर केलेल्या बुरशीपुढे झाडालाही मदत लागते.

नव्या झाडांबद्दल दोन शब्द

अलीकडे आपल्याकडे एवोकॅडोची रोपे लावा असे सांगणारे भेटतात. लावायला आमची ना नाही. ज्याची जमीन, त्याचा निर्णय. पण रोपाबरोबर रोगाचीही चौकशी करा. कॅलिफोर्नियातल्या एवोकॅडोच्या फांद्या बुरशीने टोकाकडून वाळतात, आणि त्या बुरशींमध्ये लिंबावरच्या या बुरशीची भावकीही आहे. त्यातून पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत त्याची मुळे कुजतात, ते वेगळेच. महागड्या रोपाची शेंडेमर आणि फुकटच्या लिंबाची शेंडेमर एकाच तऱ्हेची. एकीची बातमी होते, दुसरीची होत नाही, एवढाच फरक.

आपले काम

म्हणून या बैठकीतून पाचही तालुक्यांच्या कार्यकर्त्यांनी, हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि वसमत, एक काम घेऊन जावे. आपल्या गावात लिंब किती, त्यात शेंड्याकडून वाळलेले किती, कोणत्या महिन्यात वाळू लागले आणि उन्हाळ्यात किती पुन्हा फुटले, एवढ्या चार गोष्टी वहीत लिहाव्यात. वही दोन रुपयांची असो की वीस, पण तारीख टाकलेली असावी. वाळलेल्या काडीचे नमुने कागदात गुंडाळून, गावाचे नाव लिहून परभणीच्या विद्यापीठात किंवा तोंडापूरला द्यावेत आणि उत्तर मागावे. तो आपला हक्क आहे. आणि हिरव्या राहिलेल्या लिंबांची खूण करून पुढच्या आषाढात त्यांचेच बी गोळा करावे.

पुढच्या बैठकीला येताना या वह्या सोबत आणाव्यात. तोपर्यंत वाळत्या लिंबाला कुऱ्हाड लावायची नाही, एवढे आज सगळ्यांनी हात वर करून ठरवू.